हौ म्हणजे होकार नाई

फ्रेजरपुरा, अमरावती
बुधवार, दुपार

आदरणीय मैनाताईले आणि भाऊजींले धाकट्या देवानंदचा सविनय जयभीम.

अकोल्याचं ऊन काय म्हणते? तुह्या गुडघ्याची मालिश चालू हाय का कंटाळून सोडून देली? भाऊजींची शुगर तपासता ना? (जेवण झाल्यावर ते गुळाचा खडा तोंडात टाकतात, हे मी कोणाले सांगितलं नाई, तुलेच सांगून राहिलो.) आमी दोघं वरून ठीक हाओत. आतून म्हणशील तर माहं काई खरं नाई. आता तू म्हणशील, घरात मोबाईल असताना हा बुढा पत्र काहून लिहून राहिला? ताई, मले फोनची भीती वाटून राहिली. टेलिफोन खात्यात जलमभर ट्रंक कॉल जोडले त्याच माणसाले आता घंटी वाजली की कापरं भरते. हासू नको, सारं सांगतो.

तुले ठाऊकच हाय, ललितनं पुण्याहून मले एक कार्ड देलं. वापरतो मी, बिल त्याच्या पगारातून आपोआप जाते. मागं मी गॅसवर दूध ठेवून पानठेल्यावर गेलो होतो, गंज जळून कोळसा झाला आणि शेजाऱ्यायनं दार तोडलं, तवाच त्यानं सांगून ठेवलं होतं की बाबा, आता अजून एक गडबड झाली तर अमरावतीचं घर विकतो आणि तुमाले दोघांले इकडं आणतो. पोरगं वाईट नाई, काळजीनं बोलते. पण त्याच्या त्या उंच माळ्यावर आमी राहून पाहिलं ना! लिफ्टमधी कोणी कोणाशी बोलत नाई, आणि गॅलरीतून खाली पाहिलं की पौर्णिमाले गरगरते. इथं तिनं लावलेला शेवगा हाय, वस्तीतलं विहार हाय, दारावरून जाणारं जो तो तिले जेवण झालं का म्हणून विचारते. हे घर आमच्या जीवात जीव असेतो आमच्याजवळ राहावं, एवढंच माहं मागणं हाय ताई, दुसरं काई नाई.

असं सारं असताना मोबाईलवर मेसेज आला की कार्डावरून पैसे कापले. कोणी कापले म्हणून पाहिलं तर इंग्रजी अक्षरात नाव. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, पुन्हा पुसला. गृह शाखा! ताई, मी मोबाईल पालथा घालून ठेवला. गृह शाखा म्हणजे कलेक्टर कचेरीतली, जिथं बंदुकीचे परवाने आणि मोर्चेवाल्यायची कागदं असतात ती. पुढच्या महिन्यात पुन्हा कापले. पेपरात तर रोजच येते, अमक्याले फोनवरूनच अटक केली, तमका घरातल्या घरात कैदी झाला. मी धरून चाललो की मले दंड झाला आणि तो हप्त्यानं वसूल करून राहिले. पण गुन्हा कोणता? लय डोकं खाजवलं. मग आठवलं, सेमाडोहले फिराले गेलो तवा पौर्णिमानं जंगलात पडलेलं मोराचं पीस उचलून आणलं होतं. (अभयारण्यातलं पीस! पाटीवर लिहून होतं ना, जंगलातलं काई नेऊ नका.) मी ते गुपचूप चुलीत घातलं. ती अजून कपाटात शोधून राहिली.

भीती अशी अंगात शिरली ना, की शनिवारी दारात खाकी सदरा दिसल्याबरोबर मी न्हाणीत घुसलो. आतून कडी लावली आणि तिथूनच ओरडलो, देवानंद गावाले गेले, घरी कोणी नाई! खाकीवाला बिचारा निघून गेला. बाप्पा, तो ऑटोवाला होता. पौर्णिमानंच सांगून ठेवलेला. तिले चांदूर रेल्वेले भाचीच्या साखरपुड्याले जायाचं होतं आणि ती मागच्या खोलीत नवी साडी नेसून पिशवी घेऊन बसली होती. गाडी गेली, साखरपुडा गेला. तवापासून ती मले ताट सरकवते, बोलत नाई. तिले खरं सांगावं तर तिचा बीपी, न सांगावं तर मीच घाबरून मरतो. आणि ललितले विचारावं तर तो म्हणन, झाली ना गडबड?

शेवटी सोमवारी जीव मुठीत धरून कार्डाच्या मागच्या नंबरावर फोन लावला. तिथला माणूस शांत होता. म्हणे, काका, हे गृह शाखा नाई, गृहसखा हाय, घरदुरुस्तीची कंपनी. मले तर त्याले फोनमधूनच मिठी माराविशी वाटली! उन्हाळ्यात वरच्या टाकीचा पाइप फुटला होता, तवा ललितनंच मोबाईलवरून या कंपनीचा नळवाला बोलावून देला होता. काम चांगलं केलं, पैसे कार्डावर देले, विषय संपला. मग हे दर महिन्याचे कशाचे? गृहसखाले फोन केला. पोरगी हिंदीत भल्ली गोड बोलून राहिली होती. म्हणे, नळवाला गेल्यावर आमच्या मॅडमनं तुमाले फोनवर वर्षभराच्या दुरुस्तीची योजना समजावली होती, तुमी होकार देला, रेकॉर्डिंग हाय. आणि ऐकवलं ना तिनं! ती मॅडम गाडी सुटल्यासारखी बोलून राहिली आणि मधामधात माहा आवाज. हौ. हौ. हौ ना. हौ बाप्पा, हौ.

आता तूच सांग, हा काय होकार हाय? आपल्या मायनं आपल्याले शिकवलं की माणूस बोलत असला की हौ म्हणत राहा, नाई तर त्याले वाईट वाटते. त्यात माही खात्यातली सवय. ट्रंक कॉलवर हौ म्हटलं नाई की तिकडच्याले वाटे लाइन कटली, आणि तो हॅलो हॅलो करून कान किटवे. मी पोरीले समजावलं, बाई, आमच्या वऱ्हाडात हौ म्हणजे ऐकून राहिलो. तिनं विचारलं, तो फिर अंकल, हाँ को क्या बोलते हैं? म्हटलं, हौ. और ना को? मी जरा विचार केला. म्हटलं, हौ, पाहू. (मलेच वाटलं लाइन कटली.) मग साहेबाले विचारून तिनं योजना बंद केली आणि कापलेले पैसे परत टाकतो म्हणाली. ललितच्या कानावर जायाच्या आत निस्तरलं, सुटलो.

भाऊजींले आठवण सांगजो. पौर्णिमाचाही जयभीम. (तिनं सांगितला नाई, पण सांगितला असं समज.)

तुहा घाबरट भाऊ,
देवानंद

ता. क. पत्र टपालानं टाकत नाई. शेजारची आचल उद्या परीक्षेले अकोल्याले येऊन राहिली, तिच्या हाती देतो. सोबत शेवग्याच्या शेंगा हायत. पत्र आधी वाचजो, शेंगा मग.

ता. क. सुटलो म्हटलं ते अर्धंच खरं. रविवारी, म्हणजे ते रेकॉर्डिंग ऐकाच्या आदल्या दिवशी, ललितचा फोन आला होता. लय वेळ बोलला. माहं सारं चित्त कार्डात, आता विचारन, मग विचारन. तो काय बोलला ते धड ऐकलंच नाई. कार्डाचं नाव निघालं नाई म्हणून जीव भांड्यात पडला, तर शेवटी त्याचा आवाज भरून आला. म्हणे, बाबा, तुमी एवढ्या लवकर तयार व्हाल असं वाटलं नव्हतं. आणि काल त्याचा मेसेज आला की या रविवारी घर पाहाले गिऱ्हाईक घेऊन येतो, आईले मीच समजावतो. ताई, मी काय म्हणलो असन ते तुले सांगाची गरज नाई. आता मीच नाई म्हणावं तर तवा माहं चित्त कुठं होतं, ते कार्डाचं सारं सांगा लागन, आणि पोरगं इतकं खूश झालं होतं की माही जीभ उचलत नाई. पौर्णिमाले यातलं काई माहीत नाई. आज सकाळी ती शेवग्याले आळं करून राहिली होती. ललित तुह्या घरी राहून शिकला, तुह्या शब्दाबाहेर नाई. तू त्याले फोन कर. घर विकाचं नाई, एवढंच म्हण.

ता. क. तो तुले कारणं समजावून सांगन. पोरगं बोलते गोड. तूबी आपल्याच मायची लेक होय, म्हणून हात जोडतो ताई, तो बोलत असन तवा तोंडातून हौ काढू नको. लाइन कटली असं त्याले वाटलं तरी वाटू दे.