सखारामची बंदूक

१२ ऑक्टोबर
लिहून ठेवणे भाग आहे. परवाना माझ्या नावावर, बंदूक मी घेणार, आणि उद्या तिच्यामुळे काही झाले तर जबाब मलाच द्यावा लागेल. आठवणीवर माझा भरवसा राहिलेला नाही.
धाकट्या दिरांना, भावजींना, रानडुकराने मांडीत फाडले. नदीकडच्या भातात, दिवसाढवळ्या. महाडला दवाखान्यात आहेत. पाय वाचेल म्हणतात. चालता येईल का विचारले की डॉक्टर कागद चाळायला लागतात.
ह्यांच्या मागे शेतीसंरक्षणाचा परवाना माझ्या नावावर झाला. ह्यांची ठासणीची बंदूक गंजून गेली होती, ती जमा केली. दुसरी घ्यायची मुदत आता संपत आली आहे. जुनीच बघायची.
भावजींचा संदेश मुंबईची नोकरी सोडून आलाय. म्हणतो, "काकी, तुम्ही फक्त सही मारा. वापरू आम्ही, टेन्शन नॉट."
"माझ्या नावाची बंदूक माझ्या हातात. नाहीतर कोणाच्याच नाही."
तोंड वाकडे करून गेला. मला कॉलेजात एन.सी.सी.त मिळालेला नेमबाजीचा पेला अजून फडताळात आहे. सं. त्यात मोबाईलच्या वायरी ठेवतो.

१५ ऑक्टोबर
महाड. भावजींना डबा दिला. ताप आहे. मग चवदार तळ्यापाशी गाडी लावून परवानाधारक दुकानात.
एक बंदूक दाखवली. दस्ता नवा, पॉलिश झकपक. घोडा अर्धा ओढला की तिथे अडकून राहायला हवा. हिचा राहत नाही, अंगठा काढला की खाली.
दुकानदार : "चालवणारा सांभाळून घेतो हो, बाई."
"आणि शेजारी चालणारा?"
नाही घेतली.

१९ ऑक्टोबर
दासगाव. हमीदभाई कुवेतहून कायमचे परत आलेत, वडिलांची बंदूक काढायची आहे. चहा, खारी, मग बंदूक. नळीला बाहेरून काळा रंग. गजाला तेलाची चिंधी गुंडाळून आत फिरवली, चिंधी तांबडीलाल, वर पोपडे.
"पुरात होती का?"
"होती ना. आम्ही माळ्यावर चढलो, ही खाली राहिली. पोहायला शिकली असेल म्हटलं."
"हिच्यात बार भरला तर नळी फाटेल. रंग कशाला दिलात?"
"लग्नाच्या पोरीला हळद नाय लावत?" आणि स्वतःच हसले. मी हसले नाही. निघताना फाटकापर्यंत आले. "चांगली हवी तर पोलादपूरच्या वरल्या अंगाला सखारामची हाय. तुम्हाला माहीत असेलच ती."
माहीत आहे. कोणाला नाही?

२० ऑक्टोबर
सखाराम माझा विद्यार्थी. मागच्या बाकावरचा. पुढे खोऱ्यात त्याच्यासारखा नेम कोणाचा नव्हता. देवीच्या जत्रेत टांगलेला नारळ दरसाल तोच फोडायचा.
तीन वर्षांपूर्वी डुकरे रानातून उठवायला हाका घातला होता. करवंदीची जाळी हलली. सखारामने बार टाकला. जाळीत धाकटा भाऊ महादू होता. जागा सोडून पुढे आला होता.
खटला चालला. महादूच्या बायकोने, सुमनने, चुकून झाले अशी साक्ष दिली. सुटला. बंदूकही परत मिळाली.
सं. ऐकून उभाच राहिला. "ती बंदूक? आपल्या घरात? आई उंबऱ्याच्या आत घेणार नाय."
"लोखंडाला सुतक नसते."
बोलले खरी. जेवण गेले नाही.

२४ ऑक्टोबर
सखारामकडे जाऊन आले. जसे घडले तसेच लिहिते.
घर चढावर. अंगण न सारवलेले. समोरचे शेत ओसाड, गवत कमरेएवढे. सखारामची बायको पूर्वीच गेली, मूलबाळ नाही. घरात तो आणि सुमन. ती हायवेवरच्या हॉटेलात भाकऱ्या करायला जाते. आज सुट्टी काढून थांबली होती. मी चौकशी केली तेव्हा बंदूक विकायची आहे असा उलट निरोप आला, तो सखारामचा नव्हे, तिचा होता, हे तिथे कळले.
सखारामने आढ्यावरून बंदूक काढून दिली. "कोर्टातनं आली तशी हाय, बाई. हात नाय लावला."
सुरेख बंदूक. घोडा घट्ट, दस्त्याला चीर नाही, नळी सरळ.
पण आधी गज. आमच्याकडे पावसाळ्यात बार भरून, नळीच्या तोंडात चिंधी कोंबून, केप, म्हणजे घोड्याखाली ठिणगी पाडणारी छोटी टोपी, बसते त्या भोकावर मेण थापून बंदूक तशीच टांगायची रीत आहे. डुक्कर आले की मेण खरवडायचे आणि केप लावायची. भरलेला बार उडवल्याशिवाय सहसा कोणी काढत नाही. त्यामुळे जुनी बंदूक रिकामी आहे हे कोणाच्या शब्दावर मानायचे नाही. गज आत सोडायचा, नळीच्या तोंडाशी चिमटीत धरायचा आणि बाहेरून नळीला लावून बघायचा. बुडापर्यंत पोचला तर रिकामी.
नाही पोचला. चार बोटे कमी.
"भरलेली आहे, सखाराम."
"नाय. पोलिसांनी रिकामीच दिली."
"तेच म्हणते. मग भरली कोणी?"
त्याने आढ्याकडे बघितले. मग, "डुकरं येतात."
"कशाला येतील? तुझ्या शेतात आहे काय?"
सुमन दारात होती. आत निघून गेली. भांडे पडल्याचा आवाज.
नळीत पाणी ओतून दारू भिजवली. त्याच्याच गजाला पुढे पीळ आहे, त्याने बार उपसला. वरचा काथ्या अजून पिवळा, ताजा. छरे नाहीत. एकच गोळी. सखाराम समोर बसून बघत होता, जणू दुसऱ्या कोणाच्या घरातले काम.
विचारले, "स्वतःसाठी भरलीस?"
"शाळेत बी असंच इचारायच्या तुम्ही. फळ्याम्होरं उभं करून."
"उत्तर दे."
"शाळेत बी नाय द्यायचो."

निघताना सुमन गोठ्यामागे आली. "पैशाचं ऱ्हाऊ द्या, बाई. आज न्या ती."
परवानगी येईपर्यंत बंदूक विकणाऱ्याकडेच राहते. अर्ज जिल्ह्याला, अलिबागला जायचा, तो केव्हा सुटेल... सांगितले तिला.
"मी भाकऱ्या थापायला जाते. दिसभर घरात तो नि ती, दोघंच." मग, "मी साक्ष दिली, चुकून झालं म्हणून. त्यानं आता असं केलं तर लोक काय म्हणतील? की खोटं बोलली सुमन."
परत सखारामकडे गेले. केपांची डबी मागितली. सखारामने मुकाट दिली. ती सुमनकडे ठेवायला दिली. डबी किती दिवस पुरणार? केपा बाजारात मिळतात.

२५ ऑक्टोबर
अर्ज केला. कारकून म्हणाला, "बाई, ह्या वयात शिकार?" मी त्याच्याकडे नुसते बघितले. शिक्का मारला.
बंदूक परवानगीची वाट बघत त्या घरात ठेवता येणार नाही. महाडचा दुकानदार पावती करून सांभाळायला ठेवतो, फोनवर विचारून घेतले. पण घेऊन सखारामनेच यायला हवे. परवाना त्याचा.
भावजींचा ताप उतरला. पायाची बोटे हलत नाहीत.

२९ ऑक्टोबर
पुन्हा वर. सखाराम नाही म्हणतो.
"महाडात नाय येणार. कोर्टात येत व्हतो तवा समदं बघायचं. बोट दाखवायचं."
"दाखवू देत. मी शेजारी असेन."
"तुम्हाला बी दाखवतील."
"मला पस्तीस वर्षे पोरे मागून नावे ठेवत आली आहेत."
ओठ हलला जरासा. हसला असेल. डॉक्टरांकडे चल म्हटले. "मला काय झालंय?" झोप लागते का विचारले. डोळा लागला की जाळी हलते, म्हणाला. एवढेच बोलला, तेही माझ्याकडे न बघता.
सुमन आता कामावर जाताना शेजारच्या म्हातारीला ओट्यावर बसवून जाते. म्हातारीला दिसत नाही. पण बोलते अखंड.

१ नोव्हेंबर
सं.ला सगळे खरे सांगितले. "काकी, आपल्याला डुकरासाठी बंदूक पाहिजे. त्याचं आपण कशाला अंगावर घ्यायचं?" चूक म्हणता येत नाही त्याला. त्याचा बाप खाटेवर आहे, उरलेल्या भातात डुकरे रोज लोळतात. मुदतीच्या आत मला दुसरी बंदूक दुकानातून मिळेलही.
"दुसरी घेतली तर ही आढ्यावर राहील."
गाडीची किल्ली फिरवत राहिला. मग विचारले, "किती वाजता निघायचं?"

३ नोव्हेंबर
सकाळी गेलो. सखाराम धुतलेला सदरा घालून तयार. सुमनने त्याला कसे वळवले, विचारले नाही. सुमनने बंदूक जुन्या चादरीत गुंडाळून ठेवली होती. कशेडीच्या बाजूने ट्रक अडकले होते, हायवेवर रांग. सं.ने गाणी लावली, मी बंद केली. सखाराम म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की." पुन्हा लावली.
दुकानासमोर एकाने ओळखले. बोट दाखवले नाही, नमस्कार केला. सखारामने केला की नाही, बघितले नाही.
दुकानात माझ्यासमोर जमा : बंदूक, नळी रिकामी, गज घालून दुकानदाराने व मी तपासली. पीळ असलेला गज. दारूचे शिंग. केपांची डबी, सुमनने निघताना दिली ती. गोळ्यांची पिशवी. पावती सखारामच्या नावाची, त्याने ती माझ्याकडे दिली. डॉक्टरांकडे नेले. बाहेर बाकावर बसला, नंबर आला तेव्हा उठला. आत काय बोलला माहीत नाही. गोळ्या दिल्यात, पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावले आहे.
परत सोडले तेव्हा गोठ्यात जाऊन त्याचा कुत्रा घेऊन आला. शिकारीचा, आता म्हातारा. दोरी माझ्या हातात दिली. "ह्याला बी न्या."
मी मागितला नव्हता.
"ह्याला खायला कोण घालते?"
"मीच."
"मग तूच घाल. परवा येते. वाळलेला दिसला तर बघ."
कुत्रा व दोरी : परत सखारामच्या हाती. त्याने घेतली. हो म्हणाला नाही.