वाकून घेतलेलं माप

प्रिय चिमणे,

जावईबापूंनी मोठ्या हौसेनं बसवलेलं उंच हँडल मी काल काढून टाकलं आणि जुनंच परत बसवलं. पुढची टोपलीही काढली. दोन्ही वस्तू दुकानाच्या कोपऱ्यात ठेवल्यात, त्यांना सांग घेऊन जायला. तू रागावशील, तर रागाव. रविवारच्या शर्यतीत मी तुझी जुनी सायकल माझ्याच पद्धतीनं चालवणार, म्हणजे खाली वाकून.

त्या हँडलवर फोटो काढायला बसल्यासारखं ताठ बसावं लागायचं. माझ्या वयाला तेच शोभतं, असं तुझं म्हणणं. पण बाई गं, ताठ बसलं की छातीची नुसती भिंत होते. सायकल हळू असते तोवर हे कळत नाही. वेग घेतला की पायातली बहुतेक ताकद हवा ढकलण्यातच जाते, आणि वेग दुप्पट केला तर हवा चौपट अडवते. मी पडले शिवणकाम करणारी, मापल्याशिवाय काही खरं मानत नाही. म्हणून तुम्ही दोघं ते हँडल बसवायला यायच्या आधीच दुकानामागच्या उतारावर पाहून आले होते. पाण्याच्या टाकीपासून पायडल न मारता सायकल सोडायची. ताठ बसले तर ती औषधाच्या दुकानापाशी थांबायची. कोपरं आत, मान खाली, पाठ आडवी केली की तीच सायकल थेट शाळेच्या फाटकापर्यंत. औषधवाला बिचारा बाहेर येऊन विचारायचा, मावशी, ब्रेक लागत नाहीत का.

मग अंगाला चिकटून बसणारा सदरा शिवायला घेतला, कारण फडफडणारं कापडही वारा धरतं. आणि तिथे मी चक्क तोंडावर आपटले. हयातभर गिऱ्हाइकाला सरळ उभं करून माप घेतलं, तसंच स्वतःचंही घेतलं. आरशासमोर सदरा असा बसला की माझी मीच खूश. सायकलवर वाकले मात्र, पाठ वर सरकून कंबर उघडी पडली, आणि पुढे पोटाशी कापडाचा फुगा होऊन त्यात वारा भरला. वाचवायला गेले वारा आणि गाठोडं बांधून घेतलं. समोरची इस्त्रीवाली हसून हसून बेजार झाली. मग तिलाच बोलावलं, सायकल भिंतीला टेकवली, मी वर वाकून बसले आणि तिनं माप घेतलं. पाठ लांब, पुढची बाजू आखूड, बाह्या पुढे काढलेल्या. आता हा सदरा घालून उभी राहिले की तो मला पुढे ओढतो आणि मी पोक काढल्यासारखी दिसते. दिसू दे. तो उभं राहण्यासाठी शिवलेलाच नाही.

पाठीची काळजी तू करतेस हे मला कळतं. हाडांच्या डॉक्टरीणबाईंना मी दाखवून आले. त्या म्हणाल्या, व्यायाम चालू ठेवा आणि दुखलं तर थांबा. एवढंच. आणि एक विचारू? सगळा जन्म शिलाई मशीनवर वाकून गेला. तेव्हा माझ्या पाठीसाठी कुणी मशीन उंच करून दिलं नाही.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगते. परवा फोनवर भांडता भांडता तू म्हणालीस, "आई, मीही सोडलंच ना." त्यावर मी विषय बदलला आणि तुला वाटलं, मला पटलं. तू शर्यती जिंकायचीस. सुनेनं असं ओणवं होऊन रस्त्यानं जाणं तुझ्या सासूबाईंना बरं दिसेना, आणि एक दिवस तू सायकल माझ्याकडे आणून ठेवलीस, एक शब्दही न बोलता. मीही विचारलं नाही. संसार तुझा, निर्णय तुझा. पण तू सोडलंस म्हणून सोबतीला मीही सोडावं, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. मला अडवायला येणार असलीस तर येऊ नकोस. नाहीतर शनिवारीच ये. तुझ्यासाठी दुसरी सायकल भाड्यानं ठरवली आहे, आणि शर्यतीत तुझं नाव मी तुला न विचारता देऊन टाकलंय.

तुझीच, कुणाचं न ऐकणारी,
आई