दोन रकाने आणि सहा धोतरं

दर्पण कॉलनी, ग्वाल्हेर
भाद्रपद वद्य पंचमी

चिरंजीव विश्वंभर यास दादाचे अनेक आशीर्वाद.

अक्षर ओळखलं असशीलच. थोडं वेडंवाकडं आलं आहे, पण ते वयामुळे नाही, धक्क्यामुळे आहे आणि त्याचंच हे पत्र आहे. तुझ्या गुडघ्याला आता उतार असेल अशी आशा करतो. (गुडघ्याचं मला कोणी सांगितलं हे विचारू नकोस. सरोजिनीला घरबसल्या तुमच्याकडचं सगळं कळतं. कसं कळतं हे मी कधी विचारलेलं नाही, आणि हल्ली एकूणच मी या घरात काय काय विचारलेलं नाही याची यादी वाढत चालली आहे.) सौ. इंदूला आशीर्वाद. आम्ही सगळे खुशाल आहोत, निदान गेल्या बुधवारपर्यंत होतो. पितृपंधरवड्यात नवं काही काढू नये असं तुला लहानपणापासून बजावणारा मीच, आणि अकरा वर्षांनी पत्र लिहायला बसलो तेही याच पंधरवड्यात. दर्पण कॉलनीतून तुमच्या लष्कर भागात पत्र पोचेपर्यंत माणूस पायी चारदा येऊन जाईल हेही मला कळतं. पण एकदम तुझ्या दारात उभं राहायचं तर तोंड लागतं, आणि ते सध्या माझ्याजवळ नाही.

झालं असं की आपली तन्वी (यशोधनची थोरली; तू पाहिलीस तेव्हा बोबडं बोलत होती, आता नववीत आहे) हिला शाळेतून एक प्रकल्प दिला. वीस घरांत जायचं आणि विचारायचं की तुमच्याकडे आठवड्यातून किती वेळा कपडे धुतात. मी म्हटलं, हा काय अभ्यास झाला? आमच्या वेळी मुलं नद्यांच्या लांब्या पाठ करायची. तरी मी तिच्याबरोबर निघालो. एक तर पोरीने परक्या घरांत एकटीने जाऊ नये, आणि दुसरं म्हणजे एकतीस वर्षं शाळा तपासणाऱ्या माणसाचा अनुभव घरात नुसता पडून होता. पहिल्याच दिवशी तिची वही तपासली तर प्रत्येक घरापुढे दोन रकाने. एकावर लिहिलं होतं 'बताया हुआ' आणि दुसऱ्यावर 'सच'. मी विचारलं, हे दोन कशाला? तर म्हणाली, "आजोबा, लोक कपड्यांबद्दल खूप झूठ बोलतात. मॅमनेच सांगितलंय, दोरी पण बघून या." शाळेची मुलगी दुसऱ्यांच्या दोऱ्या बघत हिंडणार! पण मग मला जी गंमत वाटायला लागली ती खोटं कशाला सांगू, निवृत्त झाल्यापासून एवढी कशात वाटली नव्हती.

समोरचे भदौरिया छाती पुढे काढून म्हणाले, रोज, बिना नागा. त्यांच्या पाठीमागे उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने तन्वीला चार बोटं दाखवली. पलीकडे ते नवीन लग्न झालेलं जोडपं राहतं, दोघंही काँप्युटरवाले, ती दोघं अगदी प्रामाणिक निघाली. म्हणाली, पंधरा दिवसांतून एकदा, कारण आमच्याकडे कपडे पुष्कळ आहेत. (मला तिथेच बसून पाणी मागावं लागलं, विशू. पंधरा दिवस! आणि मुलगा वर सांगतो की जीनपँट महिन्यातून एकदाच धुवायची, जास्त धुतली तर ती बिघडते. मग ती आत कोणत्या अवस्थेत असते?) कोपऱ्यावरच्या उषाताई, आपल्यातल्याच, त्यांच्यावर माझा फार भरवसा होता. त्यांच्या यजमानांनी सांगितलं, आमच्याकडे रोज हातानेच. मी तन्वीला तिथल्या तिथे म्हटलं, बघ, याला म्हणतात घर. तोवर तन्वी पाणी प्यायच्या निमित्ताने आत जाऊन आली होती. बाहेर पडल्यावर पाहिलं तर दुसऱ्या रकान्यात तीन. मी विचारलं, तीन कसे? तर म्हणाली, "नळच एक दिवसाआड येतो ना आजोबा, तर रोज कशाने धुणार?" हे गणित एवढं सरळ होतं की मी तिथल्या तिथे सावध व्हायला हवं होतं. पण मी उषाताईंच्या यजमानांना मनातल्या मनात हसत घरी आलो. बायको घरात काय करते ते ज्याला माहीत नाही तो कसला कर्ता पुरुष, असं मी जेवताना बोललोसुद्धा. सरोजिनीने पोळी वाढली.

एकोणीस घरं झाली. विसावं आपलं. मी खुर्चीत नीट बसलो आणि सांगितलं, लिही: रोज, सातही दिवस, इतरांचे कपडे मशीनमध्ये, आजोबांचं सोवळ्याचं धोतर निराळं, हाताने. तिने पहिल्या रकान्यात सात लिहिलं. मग दुसऱ्या रकान्यात दोन लिहिलं. मी म्हटलं, खोड ते. ती म्हणाली, "मी झूठ नाही लिहिणार, मॅम चेक करतात." आणि उठून गेली ती मशीनच्या झाकणावर चिकटवलेला कागद सोलून घेऊन आली. पोरीने आठवडाभर घरच्या मशीनची नोंद ठेवली होती. त्यात तिच्या अक्षरात लिहिलं होतं: बुधवार, चादरी दोन, बाबांचे मोजे, माझा युनिफॉर्म, आजोबांची धोतरं तीन.

विशू, मी ती ओळ चष्मा पुसून पुन्हा वाचली. मोज्यांच्या आणि युनिफॉर्मच्या शेजारी माझं सोवळं! आणि त्याहून मोठा धक्का त्या आकड्याचा होता. कारण माझ्या समजुतीप्रमाणे माझ्याकडे सोवळ्याचं धोतर एकच आहे. तुला आपली पद्धत माहीतच आहे. मी पहाटे आंघोळ करून उंच दांडीवरून ते उतरवतो, नेसतो, पूजा करतो, मग ते न्हाणीघरात ठेवतो. आणि थोड्या वेळाने सरोजिनी काठीने ते ओलं धोतर पुन्हा दांडीवर चढवते, कोणाचा हात लागू नये म्हणून. हे मी रोज डोळ्यांनी बघत आलो आहे. ते एक धोतर इतकी वर्षं टिकलं म्हणून मी बाड्याच्या बाजारातल्या त्या कापडवाल्याला स्वतःहून प्रशस्तिपत्र लिहून दिलं होतं, आणि त्याने ते काचेत मढवून दुकानात लावलं आहे. (दर वर्षी दोन धोतरं नेणारी बाई कोणाच्या घरची आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी मला बघून हात जोडायचा. ते हात का जोडलेले असत हे आता कळलं.)

सरोजिनीला हाक मारली. ती मेथी निवडत होती, तशीच बाहेर आली आणि जुडी न ठेवता म्हणाली, "सहा आहेत. तीन बुधवारी जातात, तीन रविवारी. रोज सकाळी धुतलेलं एक बादलीत बुचकळते आणि काठीने वर टाकते. तुम्हाला ओलं दिसल्याशी मतलब." मी विचारलं, हे केव्हापासून? ती म्हणाली, मनगट मोडलं तेव्हापासून.

आता हे मनगट मला नीट आठवतं. अकरा वर्षांपूर्वी वैशाखात ती न्हाणीघरात घसरली, उजवा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. मी डॉक्टरकडे नेलं, मोसंबी आणली, तू आणि इंदू रोज डबा घेऊन आलात. पण त्या सहा आठवड्यांत रोज सकाळी दांडीवर ओलं, पिळलेलं धोतर मला मिळत होतं, आणि ते कोणत्या हाताने पिळलं जात होतं हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. मी शाळांमधल्या घागरींची झाकणंसुद्धा तपासायचो रे. मला त्या क्षणी फार लाज वाटली. तिची माफी मागावी असं मनात होतं, पण तोंडातून निघालं, "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" त्यावर ती जुडी घेऊन आत वळली, आणि मी तुझ्याकडे काय करून आलो होतो ते मला आठवलं.

तुझ्या घरी त्या वर्षी नवरात्राची पाळी होती. कुळदेवीचा चांदीचा टाक तुझ्याकडे बसलेला, अष्टमीचा दिवस, पानं मांडलेली. मी माझं धोतर घरून वेगळ्या पिशवीतून आणून नेसलो होतो. हात धुवायला मागे गेलो तर इंदू मशीनमधून तुझं सोवळ्याचं धोतर बाहेर ओढत होती आणि त्याला तुमच्या ध्रुवच्या जीनपँटीने विळखा घातलेला. मी एक शब्द बोललो नाही. दसऱ्यापर्यंतही थांबलो नाही, टाक उचलला आणि न जेवता घरी आलो. शब्द राखून ठेवले होते ते मग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या सात मुद्द्यांच्या पत्रात घातले. त्याचं तू उत्तर दिलं नाहीस. आधी मी त्याला कबुली समजलो, नंतर उद्धटपणा. तू दोनदा दारात आलास, मी आतून पूजेत आहे म्हणून निरोप पाठवला. ध्रुवच्या लग्नात अक्षता टाकल्या आणि पंगतीकडे पाठ फिरवून निघालो. नवरात्र अकरा वर्षं माझ्याकडेच बसतं, आणि दर अष्टमीला मी नैवेद्य दाखवून उठलो की तुझ्या जागेवर बसायला घरात कोणी नसतं.

आणि वैशाख आश्विनाच्या आधी येतो, विश्वंभर! हे मला परवा कळलं. तुझ्या घरून मी ज्या सोवळ्याच्या ताठ्यात उठलो, तेच धोतर चार दिवसांपूर्वी माझ्या घरच्या मशीनमधून निघालेलं होतं. बरोबर यशोधनचे मोजे होते (सरोजिनीला पक्कं आठवतं, निळे होते, रंग गेला होता). देवीने ते चालवून घेतलं, अकरा वर्षं चालवून घेतलं. न चालवून घेणारा मी एकटाच होतो.

तन्वीच्या वहीत आपल्या घरापुढे पहिल्या रकान्यात सात आहे आणि दुसऱ्यात दोन. वीस घरांत एवढा मोठा फरक दुसऱ्या कोणाचा नाही. वर्गात सर्वांत जास्त टाळ्या त्या ओळीला पडल्या असं तिने आल्या आल्या सांगितलं.

बाकी काय लिहू. प्रकृतीला जप. इंदूला पुन्हा आशीर्वाद, पण आता ते तिने घ्यावेत की नाही हे तिच्यावर सोडतो.

तुझा,
दादा

ता. क. ते सात मुद्द्यांचं पत्र तुझ्याकडे अजून असेल तर कृपा करून परत पाठव. निदान फाडून टाक. चौथा मुद्दा इंदूच्या माहेराबद्दल होता, तो ध्रुवच्या हाती लागता कामा नये.

ता. क. २ यंदा नवरात्र तुझ्याकडे. खरं तर अकरा वर्षांच्या पाळ्यांतल्या निम्म्या तुझ्याच होत्या. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी टाक घेऊन मी येतो, तू नको म्हटलंस तरी दारात बसून राहीन. येताना धोतर आणणार नाही. तुझ्याकडचंच एक दे. कुठे धुतलं ते विचारणार नाही.

ता. क. ३ (हे अक्षर माझं आहे, सरोजिनीचं.) भावजी, ह्यांनी पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. ते सात मुद्द्यांचं पत्र शोधत बसू नका, ते तुम्हाला कधी आलंच नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ह्यांनी ते सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि तोच सदरा धुवायला टाकला. मी खिसे न बघता मशीन लावलं. सगळा लगदा झाला, मोज्यांना चिकटलेला काढता काढता संध्याकाळ झाली. संध्याकाळी, पत्र माझ्याकडेच दिलं होतं अशा समजुतीत, ह्यांनी विचारलं, पत्र गेलं का? मी म्हटलं, गेलं. इंदूला मी त्याच आठवड्यात सांगितलं (आम्ही दोघी दर रविवारी आपापलं मशीन लावून फोनवर बोलतो, ते थांबेपर्यंत). तिने तुम्हाला सांगितलं नाही, कारण दादा का उठून गेले ते कळलं असतं तर तुम्ही दादासाठी मशीन विकून टाकलं असतं. म्हणून तुम्ही अकरा वर्षं तिला विचारत राहिलात की दादा न जेवता का गेला, आणि हे मला विचारत राहिले की विशूचं उत्तर का आलं नाही. आम्हा दोघींचं चुकलं. पण भावजी, मनगट माझं अजून दुखतं. ह्यांना हे मी अष्टमीला तुमच्याकडे सांगीन, आधी दोघंही पोटभर जेवा. आज रविवार आहे, म्हणून पत्र ह्यांच्या खिशात न ठेवता मी स्वतः जाऊन पेटीत टाकते आहे.