हिरव्या ठिपक्याची बिस्किटं

ती. आई,
तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

मी बरा आहे. गोठ्यात गोचीड चावल्यापासून, डॉक्टर म्हणाले तशी त्या चाव्यानंच ॲलर्जी जडून, मला मटणासारखंच दूधही सोसत नाही, हे तुला ठाऊक आहे. गायीला मात्र बोल लावू नकोस. कशी आहे ती?

परवा वर्तकनगरच्या दुकानातून हिरवा ठिपका बघून बिस्किटं घेतली. त्यात दुधाची पावडर निघाली, अंगभर गांधी उठल्या. आता उतरल्यात. दुकानदार म्हणतो, "काका, व्हेज आहे, अजून काय पाहिजे?" पुड्यांवरची मुंगीएवढी अक्षरं वाचून वीट आलाय.

देवाचा प्रसाद बाधत नाही, असं तू लिहिलंस. तरी तुझे पेढे मी नुसते कपाळाला लावून शेजारी वाटले. रागावू नकोस. पुढल्या वेळी खोबरं-साखर पाठव. ती वाचून बघावी लागत नाही.

तुझा,
दीनानाथ