स्कॅनचा नंबर

१ जानेवारी २०२५, बुधवार. सकाळी ६.१०
नवी वही. संकल्प तीनच. जास्त केले की पाळले जात नाहीत.
एक, प्रत्येक जेवणात पहिल्या घासाबरोबर कॅप्सूल. ऑपरेशनमध्ये स्वादुपिंडाचा बराचसा भाग काढला, पचनाचं काम आता कॅप्सूल करते.
दोन, वर्षाचा सीटी स्कॅन जानेवारीतच. गेल्या वर्षीचा राहिला, तो कामांमुळे.
तीन, चिडायचं नाही.
स्वादुपिंडाच्या कॅन्सरनंतर यंदा आठ वर्षं. डॉक्टर म्हणतात, गाठ लवकर सापडली, ऑपरेशन नीट झालं. असेल. पण आनंदनगरच्या केमिकल कंपनीत तीस वर्षं क्वालिटी कंट्रोल केलेली बाई आहे मी. जगले ती शिस्तीमुळे.

४ जानेवारी
उल्हासनगरच्या स्कॅन सेंटरला फोन केला. सोमवार, १३ तारीख, सकाळी ९ चा नंबर मिळाला. फोनवर रिद्धी नावाची मुलगी. "मॅडम, इस बार पक्का आओगे ना?" असं विचारलं तिने. मी बीएससी आहे, एवढंच सांगितलं.
चिडले नाही.

१३ जानेवारी, सोमवार
पाचला उठले. पोटात काही नाही. आठची रिक्षा सांगून ठेवलेली. साडेसातला शेजारच्या कौसाबाई कमरेवर हात ठेवून दारात आल्या. त्यांना मागे एकदा मुतखडा झाला होता. अशा वेळी माणसाने फक्त स्वतःचं बघायचं का? रिद्धीला फोन करून माझा नंबर कौसाबाईंना दिला आणि त्यांना रिक्षात बसवलं.
संध्याकाळी कौसाबाई म्हणाल्या, खडा चार वर्षांपूर्वीच पडून गेलाय, आज नुसती कंबर आखडली होती, त्या आल्या होत्या विरजण मागायला.
म्हणजे तपासणीची तशी गरज नव्हती इतकंच. पण झाली हे महत्त्वाचं.

२० जानेवारी
नवा नंबर आजचा होता. निघताना शुगर कमी झाल्यासारखी वाटली. मोजली नाही, वेळ नव्हता. पाच बिस्किटं खाल्ली. पोटात अन्न असताना स्कॅन करत नाहीत, म्हणून रद्द. याला इलाज नाही.
बिस्किटांबरोबर कॅप्सूल राहिली. दुपार वाईट गेली.
मुलगा, बुद्धभूषण, म्हणाला, "आई, पुढच्या वेळी मी रजा घेऊन सोबत येतो." मी सांगितलं, सोबत भित्र्या माणसांना लागते.

२४ जानेवारी
हॉस्पिटलमधून फोन. चिखलोलीचे बुधाजी नावाचे गृहस्थ, माझ्यासारखंच ऑपरेशन, सहा महिने झाले. पहिल्या स्कॅनला जायला तयार नाहीत. तुम्ही समजवाल का?
समजवेन म्हणजे काय! योग्य माणसाकडे आले. रात्रीपर्यंत त्यांच्यासाठी तक्ता तयार केला: आहार, चालणं, कॅप्सूल, मनोधैर्य. मनोधैर्य रोज सकाळी ७ ते ७.१५.

२६ जानेवारी
बुधाजी येऊन गेले. पासष्टीचे, खांद्यावर टॉवेल. येताना पिशवीभर वालाच्या शेंगा आणल्या. तक्त्याची घडी करून खिशात घातली, आणि सरळ म्हणाले की आपल्याला लय भीती वाटते, त्या मशीनच्या नुसत्या नावाने हातपाय गार पडतात.
इतक्या सहज! मी सांगितलं, माहिती कमी असली की भीती वाटते. मग तासभर सगळी माहिती दिली, आकडेवारीसकट.
जाताना ते जिन्याचा कठडा धरून उतरले.

२ फेब्रुवारी, रविवार
बुधाजींच्या पुतण्याची, कल्पेशची, हळद. निमंत्रण होतं. मी गेले ते बुधाजींच्या खाण्यावर नजर ठेवायला. डीजेमुळे एक शब्द ऐकू येत नव्हता, त्यामुळे नजरच ठेवली. त्यांनी थोडा भात, दोन तुकडे मटण आणि वेळेवर कॅप्सूल घेतली.
मी तीनदा वाढून घेतलं. काय शिजवलंय हे कळल्याशिवाय सल्ला कसा देणार?
माझ्या कॅप्सूल घरी राहिल्या होत्या. बुधाजींनी खिशातून स्वतःच्या दोन काढल्या आणि माझ्या पानात ठेवल्या. तुमची पॉवर माझ्याहून कमी आहे, असं मी त्यांना ओरडून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि तिसरी ठेवली.

३ फेब्रुवारी
दिवसभर घरात. कारण लिहीत नाही.

७ फेब्रुवारी
मोठा निर्णय. बुधाजींचा आणि माझा नंबर एकाच दिवशी घेतला, सोमवारी, १० तारखेला. त्यांचा ९ चा, माझा साडेनऊचा. त्यांना धीर देणं हा मुख्य हेतू. त्यांना वेळ लागलाच तर माझा नंबर त्यांना देता येईल, हेही रिद्धीला सांगून ठेवलं. ती म्हणाली, "मॅडम, एक पेशंट को दो स्कॅन नहीं लगते."
या पिढीला नियोजन कळत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
बुधाजींचं नाव पुकारलं. ते उठले नाहीत. मी म्हटलं, चला. ते म्हणाले, "पयले तुमी जा."
मी म्हटलं, नंबर तुमचा आहे. मी बाहेर थांबते, धीर द्यायला.
"तुमी आठ वर्सं जगलाव ना? मग आत जाऊन भायेर आलेल्या बगू दे मना. मंग मी जाईन."
सगळा हॉल ऐकत होता. रिद्धीने माझा कागद आधीच पुढे घेतला होता. केवळ त्यांच्यासाठी आत गेले.
मशीनमधून रेकॉर्ड केलेला आवाज येतो, सांस रोकिए. रोखला. सांस छोड़िए. इथे काहीतरी गोंधळ झाला, सोडला नाही. शिवाय एसी अतोनात होता, त्यामुळे हातपाय हलत राहिले. चित्र हललेलं आलं. परत केलं. तेही हललं. तिसऱ्या वेळी रिद्धी शिशाचा एप्रन घालून आत आली आणि मशीन थांबेपर्यंत माझं पाऊल धरून उभी राहिली. तिचा हात गरम होता.
बाहेर आले. बुधाजींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, टॉवेल माझ्याकडे दिला आणि आत गेले. दहा मिनिटांत आटोपून आले. म्हणाले, एसी बरा होता.

१२ फेब्रुवारी, बुधवार. सकाळ
आज रिपोर्ट. प्लॅन: पाच वाजता, एकटीने, टेबलाशी बसून, हातात पेन्सिल. आधी शेवटचा परिच्छेद वाचायचा, मग बाकीचा. काही वाईट निघालं तर पुढची सात पावलं मागच्या पानावर लिहून ठेवली आहेत. चांगलं निघालं तर काय, ते लिहिलं नाही. सुचलं नाही.

संध्याकाळ
पाचच्या आधीच बुधाजी आले, दोन्ही पाकिटं घेऊन. उल्हासनगरला जाऊन स्वतः आणली. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून त्यांचा रिपोर्ट मला दिला. पेन्सिल घेऊन दोनदा वाचला. स्वच्छ. सांगितलं त्यांना. त्यांनी रिपोर्टची घडी करून खिशात घातली.
मग म्हणाले, "आन तुमचा?"
मी म्हटलं, सावकाश बघेन, कुकर लावायचाय. ते उठले नाहीत. मीही उठले नाही. शेवटी पाकीट त्यांच्यापुढे सरकवलं आणि म्हटलं, तुम्हीच वाचा.
त्यांनी कागद काढला. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक ओळ करत शेवटपर्यंत नेलं. पान उलटलं. तिथेही तसंच.
"बाय, काय नाय याच्यात. सगला बरा हाय."
मी बरं म्हटलं आणि चहा टाकला. ते गेल्यावर जरा आडवी झाले.
साडेसातला बुद्धभूषण आला, रिपोर्ट वाचला. तसंच लिहिलं होतं. ते सांगायला त्याला मला तीन हाका माराव्या लागल्या. अशी गाढ झोप मला दोन वर्षांत लागली नव्हती.
कामांमुळे, असं लिहिणार होते. राहू दे.