रिकाम्या खुर्चीविरुद्ध तक्रार

४ फेब्रुवारी

हा माणूस खोटं बोलतोय.

पुरावा काही नाही. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. फोरमवर येऊन त्याला महिनाही झाला नसेल. नाव घेतलंय ‘रिकामी खुर्ची’ — आधीच नाटकी! बायको जाऊन सहा महिने झाले म्हणतो. आणि आज लिहितो काय, तर ‘दुपारी घरात इतकी शांतता असते की तिचा श्वास ऐकू येतो.’ बायका वाचून विरघळल्या. खाली नुसते नमस्कार आणि फुलं!

मला ह्यांचा श्वास एकदाही ऐकू आलेला नाही. कान देऊन बसले तरी. येत नाही, हेच तर आहे सगळं.

६ फेब्रुवारी

पोराने टॅबलेट हातात दिला तेव्हा म्हणाला होता, ‘आई, इथे सगळी तुझ्यासारखीच माणसं आहेत.’ खरंच आहेत. ज्याचा नवरा किंवा बायको गेली त्यालाच आत घेतात. तसं लिहून द्यावं लागतं, मगच दार उघडतं. कागद कुणी मागत नाही — शब्दावर विश्वास. मी ‘पुठ्ठा’ या नावाने आहे. हे पुस्तकबांधणीत होते म्हणून. लोक मला पुठ्ठाताई म्हणतात, मी हसते. खरं नाव घेऊन कुणी हाक मारण्यापेक्षा बरं वाटतं.

वाचायला मी लग्नानंतर शिकले, आपली आपण. हे वाया गेलेले फर्मे, पुस्तकांची न बांधलेली छापील पानं, घरी आणायचे. कधी सुरुवात नाही, कधी शेवट नाही. मधलं पान गायब असलं की मला लगेच लागतं. या खुर्चीवाल्याचं मधलं पान गायब आहे.

१० फेब्रुवारी

बटणवालीचा फोन. फोरमवरची माझी एकुलती एक मैत्रीण. तिचं बटणं-दोऱ्याचं दुकान आहे, नवरा गेल्या वर्षी गेला. दीर दुकान विकायला सांगतोय.

‘ताई, खुर्चीभाऊ म्हणाले, वर्षभर काही विकू नका.’

‘भाऊ कधी झाला तो?’

‘तुम्हाला ना ताई, देव भेटला तरी ओळखपत्र मागाल!’

पुढे कौतुकाने सांगते, त्याने तिच्याकडून टिचबटणं मागवली. दोन डझन! पार्सलने. मी म्हटलं, विधुराला टिचबटणं कशाला? तर म्हणे शर्टाला असतील. शर्टाला टिचबटणं! आणि हे दुकानदारीण बोलतेय. माणसाच्या डोळ्यांवर झापड आली की अशी येते.

त्याचा दुकानावर डोळा आहे. आधी विकू देणार नाही, मग आपणच भागीदार होऊन बसेल.

१३ फेब्रुवारी

पहिल्यांदा तक्रार केली. प्रत्येकाच्या लिखाणाखाली बारीक अक्षरात ‘तक्रार’ असं असतं. इतके दिवस हात लावायला भ्यायले. आज दाबलं. चौकट उघडली — कारण लिहा. मी लिहिलं, ‘हा माणूस खोटा आहे.’

तासाभरात उत्तर. फोरम सांभाळणारा ‘वॉचमन’ आहे ना, त्याचं. ‘पुठ्ठाताई, हे कारण नव्हे, मत झालं. कुठल्या वाक्यात काय खटकलं ते लिहा. आम्ही सांभाळणारे दोघंच. सगळं वाचून होत नाही. तुम्ही बोट दाखवलंत तर आमची नजर तिकडे जाते. खाली भांडत बसू नका, गुपचूप तक्रार करा. तुमचं नाव कुणाला कळणार नाही.’

शेवटचं वाक्य आवडलं. आणि आवडलंही नाही.

सुनेला म्हटलं, नाव न सांगता बोट दाखवायचं म्हणजे चहाडीच की. ती भांडी पुसत होती. म्हणाली, ‘चहाडी कसली आई? रस्त्यातल्या गटाराचं झाकण उघडं दिसलं तर कळवता ना? मग झालं.’

१५ फेब्रुवारी

आज एकाने गुडघ्याच्या तेलाची जाहिरात टाकली — एका बाईने नवऱ्याच्या शेवटच्या दिवसाबद्दल लिहिलं होतं त्याच्या खाली! तक्रार केली. कारण : तेल विकतोय, तेही कुठे! पाचच मिनिटांत उडाली. आमच्यातले एक निवृत्त मास्तर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांबद्दल तक्रारी करत असतात म्हणे. वॉचमनने त्यांना हात जोडलेत.

मजा आहे या बटणात. सवय लागायची.

१९ फेब्रुवारी

सापडला!

खुर्चीवाल्याने फोटो टाकला. खिडकी, खिडकीशी खुर्ची, तिच्यावर ऊन. लोकांनी पुन्हा फुलं. सुनेने फोटो दोन बोटांनी ताणून मोठा केला. खिडकीच्या कठड्यावर पेला, अर्धा भरलेला. पेल्यात नळी, वाकडी होते ती, पोरं सरबताला घेतात तशी. शेजारी कंगवा. कंगव्यात लांब केस!

‘सहा महिने कंगवा तसाच ठेवला असेल,’ सून म्हणाली. ‘तुम्ही नाही का बाबांचा चष्मा ठेवलाय.’

ठेवलाय. पण चष्म्याशेजारी ताजं पाणी नाही ठेवत.

घरात बाई आहे.

२१ फेब्रुवारी

आता वॉचमनने सांगितल्याप्रमाणे, मुद्द्याला धरून लिहिली तक्रार. फोटोतला पेला. कंगवा. टिचबटणं. बायको कुठल्या दिवशी गेली, असं मास्तरांनी विचारलं तर उत्तर नाही — विषय बदलला. लिहितो फक्त दुपारी, दोन ते चारमध्ये. म्हणजे त्या वेळात घरातलं कुणीतरी बाहेर जात असणार. किंवा झोपत असणार.

आणि सगळ्यात मोठं — काल त्याने विचारलं, मृत्यूच्या दाखल्याच्या किती प्रती काढून ठेवाव्यात? अरे बाबा! सहा महिन्यांनी? मी पहिल्या आठवड्यातच काढल्या होत्या आणि त्याही पुरल्या नाहीत. आपलं माणूस गेलं की रडायच्या आधी रांगेत उभं राहावं लागतं. ज्याचं गेलंय त्याला हे विचारावं लागत नाही.

शेवटी लिहिलं : याच्या घरात बाई आहे.

वॉचमनचं उत्तर — ‘ही खरी तक्रार झाली. विचारतो त्यांना.’

२३ फेब्रुवारी

अजून हलेना काही. तीन वेगवेगळ्या लोकांनी तक्रार केली तर लिखाण आपोआप झाकलं जातं. माझ्या दहा तक्रारी म्हणजे एकच! सुनेला म्हटलं, तू काढ की एक खातं.

‘आई, माझा नवरा जिवंत आहे. मी तिथे काय सांगून येऊ?’

पोरगा आतून ओरडला, ‘दोघी मिळून मला मारताय का?’

हसलो खूप. हे असते तर त्यांनाही सांगितलं असतं.

२६ फेब्रुवारी

बटणवाली कडाडली.

‘वॉचमनने भाऊंना त्या पेल्याबद्दल विचारलं. तक्रार तुम्ही केलीत ना?’

‘कुणी सांगितलं?’

‘सांगायला कशाला हवं? पेल्यात पाणी किती होतं हे मोजणारं माणूस फोरमवर एकच आहे!’

मी म्हटलं, भेटायला येऊ का, विचार त्याला. म्हणाली, विचारलं, ते येऊ नका म्हणाले. बघ, मी म्हटलं, लपवायचंय काहीतरी! तशी म्हणाली, ‘ताई, तुम्हाला जळतंय. तुमच्याशी कुणी दोन शब्द गोड बोलत नाही म्हणून.’

फोन ठेवला. तिने, मी नाही.

संध्याकाळी चहा केला. दोन कप केला. अजूनही होतं असं कधीतरी. ह्यांनी चहा पिऊन कप बशीत ठेवला आणि मान टाकली — एवढंच होतं ते. आजारपण नाही, औषध नाही. कप पडलासुद्धा नाही. दुसरा कप मोरीत ओतला.

३ मार्च

जिंकले!!

वॉचमनचा निरोप — ‘तुमची तक्रार खरी निघाली. त्यांनी स्वतः कबूल केलं, पत्नी हयात आहे. बाकी काही बोलले नाहीत, क्षमा मागितली. नियमाप्रमाणे खातं बंद केलं आहे. आभार.’

बायको जिवंत असताना विधुर म्हणवतो! जिभेला हाड नाही की मनाला लाज नाही. आणि ती बिचारी आतल्या खोलीत काम करत असेल, हा बाहेर तिच्या नावाने अश्रू विकतोय.

बटणवालीला एका ओळीत कळवलं.

५ मार्च

फोरमवर शुकशुकाट. खुर्चीभाऊ कुठे गेले, असं तिघी-चौघींनी विचारलं. दुपारी दोन वाजता उगाच उघडून बघितलं.

८ मार्च

बटणवालीचा फोन. आवाज बसलेला.

‘गेले होते त्यांच्याकडे. पार्सलचा पत्ता होता ना. भांडायलाच गेले होते, बहिणीला घेऊन. चांगले चार शब्द सुनावणार होते.’

‘मग?’

‘दार उघडलं तर हात ओले. खांद्यावर टॉवेल. म्हणाले, तुम्ही बटणवाल्या ना, या, फक्त पाच मिनिटं बसा, अंग पुसणं चाललंय. ताई, खिडकीशी ती खुर्ची आहे. आणि फोटोत दिसत नाही त्या बाजूला पलंग.’

‘पलंगावर कोण?’

‘बायको. चार वर्षं झाली. ओळखत नाही, बोलत नाही, वर बघत असते. ती खुर्ची तिचीच. टिचबटणं तिच्या गाऊनला लावलीत, पाठीमागून — म्हणजे बदलताना हात वर करायला नको. स्वतः लावलीत त्यांनी. वाकडी लावलीत.’

‘अगं, पण मग खोटं का —’

‘तेच विचारलं. म्हणाले, सगळे सांगतात, ती आहे ना अजून, मग रडतोस कशाला? डॉक्टर म्हणाले तयारी ठेवा, ती कशी ठेवायची ते कुणी सांगेना. तुमच्याकडे सगळे त्यातून जाऊन आलेले लोक होते. म्हणून आलो.’

मी ह्यांचा चष्मा उचलला, पदराने पुसला, परत जागेवर ठेवला.

‘ताई, ऐकताय ना? बाई होती घरात. तुम्ही बरोबरच ओळखलंत.’

चिडून म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

९ मार्च

वॉचमनला विचारलं, तक्रार मागे घेता येते का?

‘खोटी असती तर घेता आली असती, ताई. तुमची खरी होती.’

सगळं सांगितलं त्याला. त्याचं उत्तर उशिरा आलं. ‘वाईट वाटतं. पण हा नियम आपल्याच लोकांनी मागून घेतलाय. मागे एकजण घरी बायको ठेवून इथल्या बायकांशी गोड बोलायला आला होता. आता एकाला सोडलं तर दुसऱ्याला काय सांगू?’

त्याचंही बरोबर. सगळ्यांचंच बरोबर आहे. मग चुकतंय कुठे?

१४ मार्च

बटणवालीकडून नंबर घेतला. पाच दिवस नुसता बघत होते. आज दुपारी दोनला फोन लावला.

‘मी पुठ्ठा. तक्रार माझी होती.’

‘माहीत आहे. वॉचमननी विचारताना तुमचे मुद्दे एकेक करून सांगितले, नाव नाही सांगितलं. मी ओळखलं.’ मग म्हणाले, ‘मला इतकं नीट कुणी वाचलंच नव्हतं हो.’

म्हटलं, दाखल्याच्या प्रती... आणि जीभच अडली. अजून ती समोर आहे आणि मी हे काय बोलतेय! तर ते म्हणाले, ‘सांगा ना. ते तर राहूनच गेलं.’ सांगितलं मग. किती काढायच्या, कुठे देऊन मोकळं व्हायचं, कोणत्या खिडकीवरचा माणूस बरा असतो. त्यांनी लिहून घेतलं असावं, मध्ये मध्ये थांबा म्हणत होते.

मी विचारलं, तिला काय आवडायचं? ‘भांडण,’ ते म्हणाले. ‘मी हरायचो.’

तेवढ्यात म्हणाले, कूस बदलायची वेळ झाली, ठेवू नका, आलोच. फोन पलंगावरच ठेवला असणार. मला ऐकू येत होतं. आत, बाहेर. आत, बाहेर. थोडं घरघरतं.

मी तशीच धरून बसले. ते परत आले तेव्हा मला बोलता येईना, तर ‘ऐकू येत नाहीये वाटतं’ म्हणून त्यांनी फोन ठेवला.

१८ मार्च

आता रोज दुपारी बोलतो. पाच-दहा मिनिटं. कधी बटणवाली, कधी मी. तरी ते फोरम उघडून बघतात म्हणे. बाहेरून. लिहिता येत नाही, वाचता येत नाही, नुसतं दाराचं पान दिसतं. म्हणाले, ‘मास्तर बरे आहेत का?’

२२ मार्च

फोरमवर लिहिलं. त्यांचं नाव न घेता. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब लिखाण! लिहिलं की आमचं माणूस एका क्षणात गेलं, काहींचं वर्षानुवर्षं जात असतं. त्यांना दाराबाहेर का ठेवायचं? नियम बदलूया.

२३ मार्च

‘पुठ्ठाताई, तुमच्या लिखाणावर तीन वेगवेगळ्या तक्रारी आल्या, त्यामुळे ते आपोआप झाकलं गेलं आहे. कारणं वाचली. एकीने लिहिलंय : ज्यांचं माणूस समोर आहे त्यांना इथे बघून माझा जीव जळेल. खोटं नाही ते. रविवारी आम्ही दोघं बसून ठरवतो. तोवर धीर धरा. — वॉचमन’

कुणी केल्या असतील? सगळ्यांची नावं डोळ्यांपुढे आणून बघितली. मास्तर? ती नेहमी फुलं टाकणारी? मग थांबले. केल्या असतील कुणीतरी. कारण लिहून केल्यात.

रविवार. रविवारपर्यंत.

२६ मार्च

दोन वाजता फोन केला. उचलला नाही. बटणवालीचाही नाही उचलला.

२७ मार्च

सकाळी वॉचमनचा निरोप होता. ‘रविवारची वाट बघायला नको, ताई. रिकामी खुर्ची यांचं खातं आजपासून पुन्हा सुरू केलं आहे. आता ते नियमात बसतात.’