नुसतं एचटीएमएल

४ जून
सासऱ्यांची वेबसाइट जिथे आहे ती कंपनी महिनाअखेर गाशा गुंडाळतेय. साइटवर सासूबाईंचे सगळे फोटो, प्रत्येकाखाली सासऱ्यांची एकेक ओळ. सासूबाई गेल्या, मूळ अल्बम वाळवीने खाल्ले. बायको रडवेली. म्हटलं, मी आहे ना! घरात कॉम्प्युटरमधलं कळणारं माणूस असलं की हा फायदा.

९ जून
आज सुरू करणार होतो. पण आधी अभ्यास. पेज सेव्ह करायचे प्रकार: नुसतं एचटीएमएल, 'कम्प्लीट', सगळं एकाच फाइलीत कोंबणारं एमएचटीएमएल आणि पीडीएफ. पीडीएफ अडाण्यांसाठी. जेवताना बायकोला फरक समजावला. ती मध्येच भांडी घासायला उठली.

१७ जून
'कम्प्लीट' करून पाहिलं. प्रत्येक फाइलीमागे एक फोल्डर, त्यात नाही नाही त्या भानगडी. शी! मला पसारा खपत नाही. एमएचटीएमएल मेनूत सापडेना, म्हणजे जुनाट असणार. ठरलं. नुसतं एचटीएमएल.

१८ जून
फत्ते! फाइली इतक्या हलक्या की माझं मलाच कौतुक वाटलं. उघडल्या, सगळे फोटो लख्ख. मेव्हणी म्हणाली, भावोजी, एकदा नेट बंद करून बघा. मी म्हटलं, दिवा बंद करून पेपर वाचून बघू का?

२५ जून
मेव्हणीचा फोन, मी पीडीएफ काढून ठेवू का? साफ नाही म्हटलं. हा सरळसरळ अविश्वास. बायको तिला म्हणाली, राहू दे गं, तो करतोय ना. बरं वाटलं.

१ जुलै
साइट बंद. आमचं काय बिघडलं? रविवारी सासऱ्यांना आणि मेव्हणीला बोलावलंय. छोटंसं भाषण तयार.

५ जुलै, रविवार
भाषण झालं. फाइल उघडली. फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी. नुसत्या एचटीएमएलमध्ये म्हणे फोटो नसतातच, फक्त त्यांचा पत्ता असतो. इतके दिवस फोटो साइटवरूनच येत होते. रिफ्रेश केलं. राउटर बंद-चालू केला. कंपनीला शिव्या घातल्या. मेव्हणीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सासरे चष्मा लावून ओळी वाचायला लागले. 'सायकल शिकताना. पडण्याआधी.' चौकटीवर बोट ठेवून म्हणाले, इथे ती हसतेय, नवा स्वेटर घातलाय. बायकोने विचारलं, बाबा, स्वेटर कुठल्या रंगाचा होता? त्यांना आठवेना.

मी म्हटलं, मजकूर मात्र शंभर टक्के वाचलाय. बायको म्हणाली, तू जा, चहा टाक.